परमुलखातील पहिली चूल

इतिहासाच्या पुस्तकांत माणसे एक गाव सोडतात आणि दुसऱ्या गावी पोहोचतात. पोहोचल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात त्यांचे काय झाले, हे ती पुस्तके सहसा सांगत नाहीत. अमुक साली अमुक व्यक्ती परदेशी गेली, अमुक साली पदवी घेऊन परतली, एवढ्या दोन ओळींत वृत्तान्त आटोपतो. त्या दोन ओळींच्या दरम्यान अन्न कशावर शिजले, थंडीत अंगावर काय घेतले, पदरचे पैसे किती दिवस पुरले आणि अडीअडचणीला कोणाचे दार ठोठावले, याची नोंद करण्याची इतिहासकाराला गरज वाटत नाही. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी बदलीचा हुकूम खिशात घालून एकदा तरी परक्या गावच्या स्टेशनावर आपल्या पेट्या मोजल्या असतील. त्यांना ही उणीव इतरांपेक्षा अधिक जाणवेल. हुकूम एका ओळीचा असतो. संसार पुन्हा मांडण्यास मात्र महिने लागतात.

या मांडामांडीचा एक जुना दाखला आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. व्यक्ती सर्वांच्या परिचयाची आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र कोणाला ठाऊक नाही? तथापि त्या चरित्रातील ज्या भागाकडे आपण भराभर पाने उलटून पाहतो, तोच भाग, म्हणजे अन्न, वस्त्र, ऊब आणि आसरा यांचा भाग, आम्हांस येथे सावकाश पाहावयाचा आहे. बोटीवर पाय ठेवण्यापूर्वी आनंदीबाईंनी जे जाहीर वचन दिले, ते याच गोष्टींविषयी होते, आणि परदेशातील त्यांची खरी परीक्षाही याच गोष्टींत झाली.

आनंदीबाई या प्रथम एका बदलीच्या नोकराच्या पत्नी होत्या, हे आपण विसरतो. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली यमुना वयाच्या नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी विवाहबद्ध होऊन आनंदी झाली. गोपाळराव बिजवर, वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे आणि टपाल खात्यात कारकून. खात्याने त्यांना कल्याणहून अलिबागेस, तेथून कोल्हापुरास, मग मुंबईस, पुढे कच्छात भूज येथे आणि १८८१ मध्ये थेट कलकत्त्यास नेऊन टाकले. त्यानंतर बराकपूर आणि सेरामपूर. आठ-नऊ वर्षांत कोकण, देश, कच्छ आणि बंगाल अशी चार निराळी हवापाणी या मुलीने पाहिली. याच काळात, वयाच्या चौदाव्या वर्षी, तिला झालेला मुलगा दहा दिवसांचा होऊन गेला. डॉक्टर होण्याचा निश्चय त्या दुःखातून उपजला, असे तिच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे.

बदली पुरुषाच्या नावाने होते आणि बिऱ्हाड स्त्रीच्या हातांनी लागते, हा आपल्याकडील जुना शिरस्ता. नवऱ्याला नव्या गावी गेल्याबरोबर कचेरी मिळते. तेथे टेबल, दौत, शिपाई आणि वरिष्ठ ठरलेले असतात. पत्नीला मात्र परक्या भाषेतल्या बाजारात उभे राहून प्रथम डाळ कोणती आणि तिला येथे म्हणतात काय, येथून आरंभ करावा लागतो. आनंदीबाईंना याहूनही अधिक सोसावे लागले. पत्नीला शिकवण्याच्या ध्यासाने गोपाळराव तिला बरोबर घेऊन रस्त्याने उघडपणे चालत. त्या काळी हे दृश्य नवे होते. मुंबईत लोक थांबून पाहात, कलकत्त्यास हसत. परक्या गावात आपल्याकडे रोखून पाहणाऱ्या डोळ्यांची सवय त्यांना अमेरिकेस जाण्यापूर्वीच झाली होती, ती अशी आपल्याच देशात.

सेरामपूर, म्हणजे हुगळीकाठचे श्रीरामपूर, हे गाव मराठी माणसाला अगदीच परके मानता येत नाही. १८४५ पर्यंत ते डेन्मार्कच्या ताब्यात होते, आणि तेथील मिशनऱ्यांपैकी विल्यम केरी यांनी मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये व कोश १८१० मध्ये प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात मराठी छापखाने रुजण्यापूर्वी मराठी अक्षरे बंगालच्या या कोपऱ्यात छापली जात होती. त्याच गावी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी अठरा वर्षेही पुरी न झालेली एक मराठी स्त्री, आपण अमेरिकेस का जात आहोत हे सांगण्यासाठी, भरसभेत इंग्रजीत बोलण्यास उभी राहिली. हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही काय, एकटी का जातेस, जातीबाहेर टाकतील त्याचे काय, अशा सहा प्रश्नांना तिने क्रमाने उत्तरे दिली. बहिष्काराच्या प्रश्नावरचे उत्तर आम्हांस येथे महत्त्वाचे वाटते. येथे राहते तशीच आपण तेथे राहू. रीतिरिवाज, आहार आणि वेष यांत फरक करणार नाही. हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असा त्या उत्तराचा आशय होता.

या वचनाचे वजन समजण्यास परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. गोपाळरावांनी १८७८ मध्ये कोल्हापुराहून मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार करून पत्नीच्या शिक्षणास अमेरिकेत साहाय्य मागितले, तेव्हा धर्मांतराची सूचना पुढे आली होती. ती त्यांनी मानली नाही. हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापला गेला आणि १८८० मध्ये न्यू जर्सीमधील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या वाचनात आला, तोही दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहात बसल्या असताना. त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले. पुढे तीन वर्षे या दोन स्त्रिया एकमेकींना न पाहता पत्रांतून बोलत राहिल्या. आनंदीबाईंची प्रकृती बंगालमध्ये वारंवार बिघडे. डोकेदुखी, ताप आणि अशक्तपणा यांचे वृत्त वाचून कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधेही धाडली. टपाल खात्यातील एका कारकुनाच्या घरात सातासमुद्रांपलीकडचे आप्त या रीतीने टपालानेच आले. आनंदीबाई कार्पेंटरबाईंना मावशीच्या नात्याने मानू लागल्या.

प्रवासासाठी अंगावरचे सोने विकावे लागले. ७ एप्रिल १८८३ रोजी ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या बोटीने आनंदीबाई निघाल्या. सोबतीस मिशनरी बायका होत्या. गोपाळराव नोकरीमुळे मागे राहिले. ४ जूनला त्या न्यूयॉर्क बंदरात उतरल्या, तेव्हा कार्पेंटरबाई धक्क्यावर घेण्यास आलेल्या होत्या. आजवर प्रत्येक गावी त्या नवऱ्याच्या हुकुमामागून गेल्या होत्या. या एकाच गावी त्या स्वतःच्या कामासाठी आणि स्वतःच्या नावाने उतरल्या.

रोझेल येथे त्या शरद ऋतूच्या आरंभापर्यंत राहिल्या. या काही महिन्यांत काय साधले, याचा हिशेब चरित्रग्रंथांत थोडक्यात येतो. आमच्या मते या महिन्यांवाचून पुढचे काहीच झाले नसते. परक्या देशात उतरलेल्या माणसाला पहिल्या दिवशी काय हवे असते? ज्याच्या पत्त्यावर आपली पत्रे येतील असे एक घर. येथील नाणे, येथील दुकान, येथील गाडी यांची रीत न हसता समजावून देणारे एक माणूस. आणि चुकले तरी चालेल अशी एक स्वयंपाकाची जागा. कार्पेंटर कुटुंबाने हे तिन्ही दिले. घरातल्या मुलींत एक मोठी बहीण आल्यासारखे झाले. देशी पत्र पोहोचण्यास महिन्याहून अधिक काळ लागे. म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यायला दोन-अडीच महिने. तोवर जो निर्णय घ्यावयाचा तो शेजारच्या माणसाला विचारूनच घ्यावा लागे, आणि ते माणूस येथे घरातच होते.

ऑक्टोबरमध्ये त्या फिलाडेल्फियास गेल्या. तेथील स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय १८५० मध्ये स्थापन झाले होते. प्राचार्या रेचेल बॉडली यांनी आनंदीबाईंना आस्थेने वागविले आणि तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरांची शिष्यवृत्ती मिळाली. रक्कम मोठी वाटते. छत्तीस महिन्यांवर वाटली, तर महिन्याकाठी सतरा डॉलरसुद्धा पडत नाहीत. परमुलखात तुटपुंज्या भत्त्यावर महिन्याची अखेर गाठणाऱ्या वाचकांना या भागाकाराचा अर्थ सांगण्याची गरज नाही.

सेरामपूरच्या वचनाची कसोटी येथे लागली. प्रथम वस्त्राची. नऊवारी लुगडे कासोट्याने नेसले की पोटऱ्यांचा मागचा भाग उघडा राहतो. कल्याणात किंवा कलकत्त्यास त्याने काही बिघडत नाही. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात, जेथे रस्त्यावर बर्फ साचतो, तेथे ते अंगावर येते. शिवाय त्या समाजात उघडी पोटरी ही मर्यादेला सोडून मानली जाई. पाश्चात्त्य झगा घालणे हा सोपा मार्ग होता, आणि तो कोणी नावे ठेवण्यासारखाही नव्हता. आनंदीबाईंनी तो घेतला नाही. गुजराती पद्धतीने साडी नेसावयाची, आत परकर घालावयाचा, म्हणजे पायघोळ वस्त्राने घोटे झाकले जातात, ऊब राहते आणि साडीही सुटत नाही, असा तोडगा त्यांनी काढला आणि नवऱ्याला पत्राने कळविला. हा तोडगा त्यांना सुचला, यात आम्हांस त्यांच्या पूर्वीच्या बदल्यांचा हात दिसतो. कच्छात राहिलेल्या स्त्रीने ते नेसणे रोज डोळ्यांपुढे पाहिलेले असणार. १० ऑक्टोबर १८८५ या तारखेचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या एक विद्यार्थिनी यांच्या शेजारी आनंदीबाई बसल्या आहेत. तिघींच्या अंगावर आपापल्या देशाचा वेष आहे.

दुसरी कसोटी अन्नाची. मांसाहार न करण्याचा नियम त्यांनी अखेरपर्यंत पाळला. ज्या समाजात मांसाशिवाय जेवण म्हणजे जेवणाची केवळ बाजूची ताटली, तेथे नियमाला धरून पोट भरणे हे एक स्वतंत्र काम होऊन बसते. शिजवावयाचे आपण, सामान आणावयाचे आपण, आणि त्याच वेळी शवविच्छेदनाचे वर्ग, रुग्णालयातील काम व परकी भाषा यांचा अभ्यासही आपणच करावयाचा. वेळेचा तुटवडा पडला की अभ्यासापूर्वी जेवणाला कात्री लागते, हे कोणत्याही विद्यार्थ्याच्या बिऱ्हाडात दिसून येईल.

तिसरी कसोटी अग्नीची, आणि सर्वांत अवघड ठरली ती हीच. महाविद्यालयाने त्यांना राहण्यास जी खोली दिली, तिच्यातील भिंतीमधली शेगडी नीट बांधलेली नव्हती. पेटविली की खोलीत धूर कोंडे. न पेटवावी तर गारठा. धूर किंवा थंडी, यांपैकी एक पत्करावयाचे. आपल्याकडील स्त्रीला चुलीच्या धुराचे नवल नाही, पण आपल्याकडे दार-खिडकी उघडता येते. ज्या हवेत खिडकी उघडणे म्हणजे खोली गमावणे, तेथे धूर छातीत साठतो. ही अडचण मोठ्या स्वरूपाची नव्हती. एक गवंडी आणि एक दिवस, एवढ्यात ती दूर होण्यासारखी होती. तथापि जी बाई परक्यांच्या उपकारावर शिकण्यास आली आहे, ती देणाऱ्याच्या खोलीत दोष काढण्यास संकोचते. नवागताची कुचंबणा ही अशी असते. ज्याला सर्वांत अधिक मागावयाचे असते, त्यालाच मागण्याची सर्वांत अधिक लाज वाटते.

येथे शेजारच्या एका दाखल्याची आठवण होते. त्याच १८८३ साली, त्याच एप्रिल महिन्यात, पंडिता रमाबाई ‘स्त्रीधर्मनीती’ या आपल्या पुस्तकाच्या उत्पन्नातून वाटखर्च जमवून मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. त्यांच्यासोबत लहानगी मनोरमा होती. त्या वाँटेज येथील ज्या मठात उतरल्या, त्या मठातील भगिनींचे काम पुण्यात अगोदरपासून चालू होते. म्हणजे रमाबाईंना एक चालते घर मिळाले. चूल दुसऱ्याची, व्यवस्था दुसऱ्याची. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मांसाहार मात्र त्यांनीही केला नाही. पुढे चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकविले. एकीला संस्था मिळाली, दुसरीला कुटुंब मिळाले आणि नंतर एक एकटी खोली. दोघींच्या वाटा आणि श्रद्धा भिन्न झाल्या, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. दोघींच्या बिऱ्हाडांची तुलना मात्र कोणी फारशी केलेली दिसत नाही. बुद्धी दोघींचीही असामान्य होती. पण रात्री परतल्यावर पेटलेला अग्नी आणि वाढलेले पान कोणाच्या वाट्यास आले, या प्रश्नाचे उत्तर दोघींसाठी एक नाही.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. समारंभास इंग्लंडहून रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. गोपाळरावही तोपर्यंत अमेरिकेस येऊन पोहोचले होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी आनंदीबाईंना देऊ करण्यात आली. ज्या कोल्हापुरात एकेकाळी त्या नवऱ्याच्या बदलीमुळे राहिल्या होत्या, तेथेच आता स्वतःच्या नेमणुकीने त्या जाणार होत्या. शरीराने तोवर साथ सोडली होती. १६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबईस उतरल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे होण्यास महिनाभर अवकाश होता. कोल्हापूरची ती खुर्ची रिकामीच राहिली.

शेगडीने क्षय होत नाही, हे आम्ही जाणतो. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्ये, म्हणजे आनंदीबाईंच्या प्रयाणाच्या आदल्याच वर्षी, जगापुढे मांडला होता. आणि त्या जंतूवर चालणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, मिळण्यास १९४३ साल उजाडावे लागले. आनंदीबाईंची प्रकृती बंगालमध्येच नाजूक झालेली होती. म्हणून एका खोलीवर मृत्यूचा आरोप ठेवणे अन्यायाचे होईल. परंतु थंडी, धूर आणि अपुरे अन्न यांनी आधीच अशक्त असलेल्या शरीराचा प्रतिकार आणखी खचतो, हे सांगण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. तीन वर्षांची शिष्यवृत्ती देणारे हात उदार होते, शिकविणारे गुरुजन मनाने मोठे होते. अशा सर्व चांगुलपणातही धुराडे दुरुस्त करून घेण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. मोठ्या कामांना आधार द्यावयास माणसे पुष्कळ पुढे येतात. लहान काम कोणाचेच नसते.

पुढील पिढ्यांनी हा धडा हळूहळू गिरविला. १९३२ मध्ये लंडनला महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले. हिंदुस्थानातील मोठ्या शहरांत मराठी मंडळी जेथे जेथे नोकरीनिमित्त गेली, तेथे गणेशोत्सव आणि नाटके यांच्या आगेमागे अशी मंडळे निघाली. त्यांच्या अहवालांत नाटकांची नावे छापली जातात. नव्याने आलेल्या कुटुंबाला पहिल्या आठवड्यात कोणी डबा नेऊन दिला, दूधवाला कोणी गाठून दिला, मुलांच्या शाळेसाठी कोणी खेटे घातले, याची नोंद कोठेच नसते. आमच्या दृष्टीने मंडळाचे खरे कार्य तेच होय, आणि त्याचे श्रेय बहुतांशी ज्यांचे नाव कार्यकारिणीत नसते अशा गृहिणींचे आहे.

आज बदलीच्या गावी उतरणाऱ्या अधिकाऱ्याला निवासस्थान मिळते, सामान वाहून नेण्याचा भत्ता मिळतो, घरी क्षणात बोलता येते. साधने वाढली हे खरे. पण संकोच तेवढाच आहे. नवे कुटुंब सारे ठीक आहे असेच सांगते. म्हणून विचारणाऱ्याने एकदा विचारून थांबू नये. आत जाऊन खोली पाहावी, चूल पेटते की नाही ते पाहावे, घरातील स्त्रीशी दोन शब्द अधिक बोलावे. आपल्यापैकी जे परक्या गावी आधी पोहोचले आहेत, त्यांच्यावर मागून येणाऱ्यांचे एवढे ऋण आहेच. आपणही कोणाच्या तरी आधारानेच तेथे स्थिरावलो असतो.

आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या स्वतःच्या जागेत, त्या ठेवण्यात आल्या आणि वर दगडावर नाव कोरण्यात आले. धक्क्यावर जाऊन ज्यांनी त्यांना आपल्या घरी नेले होते, त्यांनीच आपल्या माणसांच्या रांगेत त्यांना अखेरची जागाही दिली.